मामा बस्त्यात अडकलाय

आमच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ फार चांगलं चालायचं. शेठ रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचे, आणि त्यानंतर दिवसभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या बाजारपेठेत एका कापड दुकानात साड्या विकत होतो. खाली शर्टाचं कापड, टॉवेल, चादरी. वर माडीवर साड्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, गादीवर पांढरी चादर आणि चादरीवर मांडी घालून मी. नोकरीला लागलो त्या दिवशी शेठना विचारलं, "दुकान उघडतं कधी?"

"दहाला."

"आणि बंद?"

"गिऱ्हाईक उठलं की."

मला वाटलं, शेठ विनोदी आहेत. पुढची काही वर्षं मी त्या विनोदात राहिलो.

साडी विकणं म्हणजे एका बाईला एक साडी विकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भागातला बस्ता पाहिलेला नाही. बस्ता म्हणजे लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकदम खरेदी. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे मिळून टेम्पो भरून माणसं येतात. बायका गादीवर गोल करून बसतात, म्हातारी माणसं जिन्याजवळच्या खांबाला टेकतात, पोरं साड्यांच्या खोक्यांत शिरतात. आधी नवरीचा शालू. मग मानपानाच्या साड्या. नवऱ्याची आई, आजी, आत्या, मावश्या, चुलत्या. प्रत्येकीचा मान वेगळा, आणि एकीच्या साडीचे काठ दुसरीपेक्षा बोटभर रुंद निघाले की तिसरी रुसते. बस्त्याला किती वेळ लागेल हे सांगणं आणि म्हैस कुठल्या घटकेला विणार हे सांगणं सारखंच.

तो येणार कधी, तेही कुणाला ठाऊक नसे. कुणाचं उसाचं बिल आलं की, कुणाच्या पुण्यातल्या चुलत्याला रजा मिळाली की, कुणाला ओळखीतला टेम्पो मिळाला की बस्ता निघायचा. आठवड्यातून एक दिवस दुकानाला सुट्टी होती, नाही असं नाही. पण बंद शटरवर थाप मारून कुणी "शेठ, लांबून आलोय" म्हटलं की शटर वर जाई आणि मागच्या गल्लीत माझ्या खोलीवर निरोप येई.

त्यात आमच्या दुकानाची एक रीत होती. बस्त्याची पहिली घडी ज्यानं मोडली, म्हणजे पहिली साडी ज्यानं उलगडून दाखवली, त्यानंच शेवटी गठ्ठ्याची गाठ मारायची. मध्ये सेल्समन बदलायचा नाही. बदलला की लग्नात विघ्न येतं, असं गिऱ्हाइकं मानत. विक्रीत विघ्न येतं, असं शेठ मानत. रुसलेल्या बाईच्या बाबतीत तर हे जास्तच कडक होतं. तिच्यापुढं ज्यानं घडी मोडली, त्याचाच मग तो बस्ता. तिचं रुसणं मिटवून शेवटची गाठही त्यानंच मारायची.

आणि माझ्यापुढं साडी आली की माझा हात थांबत नसे, ही माझी अडचण. मी साडी नुसती दाखवत नसे, नेसून दाखवत असे. पँटवरून निऱ्या, खांद्यावरून पदर, मिशीखाली हसू. दोन पावलं नवरीसारखं लाजून चालायचं, मग वळून सासूसारखं बघायचं. म्हाताऱ्या डोळे पुसून हसायच्या. "त्यो मिशीवाला बोलवा," असं म्हणून माणसं माझी वाट बघत बसायची. ते मला आवडायचं. वेळेचं भान नसलेल्या नोकरीला मी शिव्या देत असे, पण पदर खांद्यावर पडला की माझं मलाच भान राहत नसे. दोन्ही खरंच होतं.

अशा नोकरीत माणूस हळूहळू आपल्या युक्त्या शोधतो. काउंटरखाली माझी एक पिशवी कायम भरलेली असे, धुतलेला शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. जेवण हप्त्याहप्त्यानं. भाकरीचा एक तुकडा पैठणी दाखवून झाल्यावर, दुसरा इरकल दाखवून झाल्यावर. खानावळीच्या मावशी माझा डबा झाकून ठेवत आणि त्यावर बशी पालथी घालत. बशी पालथी आहे म्हणजे डबा माझा, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि कुणीही, काहीही, कधीसाठीही विचारलं तर माझं उत्तर एकच असे: "बघू."

माझा एक चुलतभाऊ माळेगावला साखर कारखान्यात होता. तिथं भोंगा वाजला की पाळी सुरू, भोंगा वाजला की पाळी संपली. तो रात्रपाळीला कंटाळला होता. मी म्हणायचो, "रात्रपाळी असली म्हणून काय झालं, ती तुला आठ दिवस आधी माहीत असते. वहिनीला माहीत असतं चूल कधी पेटवायची. माझ्यासाठी कुणी चूल पेटवली तर विझवायची कधी हेच तिला कळायचं नाही." त्याला माझी दुकानातली सावली आणि पंखा दिसत होता. मला त्याचा भोंगा हवासा वाटत होता.

वरकुट्याला घरी तात्यांना, म्हणजे वडिलांना, यातलं काहीच विचित्र वाटत नसे. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. "मेंढरं कवा उठतील, कुठं बसतील, सांगता येतंय व्हय?" ते म्हणत. "ती बसली की आपुन बसायचं. तुझी मेंढरं शालू नेसून येत्यात, एवढंच." हे ऐकून मला बरं वाटायचं आणि थोडं वाईटही. कारण तात्या मेंढरांमागं जायचे तेव्हा आईही बरोबर असायची. सगळं घरच हलायचं. माझं घर एका जागी होतं आणि मी दुसऱ्या.

आता अक्काचं सांगतो, कारण ही सगळी गोष्ट तिचीच आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिला निरवांगीला दिलेली. आम्ही दोघंच भावंडं. मी कधी तिच्याकडं गेलो तर निघताना ती एसटीच्या थांब्यापर्यंत यायची आणि गाडी दिसली की विचारायची, "आता कवा?" मी म्हणायचो, "बघू." ती मान हलवायची. गाडी वळेपर्यंत ती तिथंच उभी असायची.

तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. आमच्यात मुलाचे जन्माचे केस पहिल्यांदा काढतात त्याला जावळ म्हणतात, आणि जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर असावं लागतं. नवे कपडे मामाचे, मांडी मामाची. अकराव्या महिन्यात जावळ काढावं. ते चुकलं तर तिसऱ्या वर्षी. बाकी सगळ्यांशिवाय चालतं, मामाशिवाय नाही. मामा आला नाही म्हणजे बाईला माहेर नाही, असा त्याचा सरळ अर्थ गाव काढतं.

गंमत बघा. जावळाला चांगला दिवस लागतो. लग्नालाही चांगला दिवस लागतो. पंचांग एकच. लग्नसराईत चांगले दिवस असायचे तेव्हा मी गादीवर, आणि आषाढात, पौषात, पितृपंधरवड्यात मी माशा मारत मोकळा बसलेलो असे तेव्हा जावळ काढायचं म्हटलं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

अकराव्या महिन्यातला दिवस ठरला होता. मी सकाळच्या एसटीनं निघणार, तेवढ्यात शेठचा निरोप. "फक्त पहिली घडी मोडून दे. तुझा हातगुण आहे." मी घडी मोडली. नवरीच्या आजीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. मग मी स्टँडवर धावत जाऊन तिकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, "निरवांगीला माझ्या बहिणीला सांगा, मामा बस्त्यात अडकलाय." त्या काळी आमचं टेलिफोन खातं म्हणजे कंडक्टर. तो भला माणूस. त्यानं निरवांगीला गाडी थांबवली, दारात उभा राहिला आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडला, "मामा बस्त्यात अडकलाय." केस कापायला आलेले नाना धोपटी उचलून घरी गेले.

त्या दिवसापासून निरवांगीत हे वाक्यच होऊन बसलं. कुणी येतो म्हणून आला नाही की म्हणायचं, बस्त्यात अडकलाय. अक्काची सासू पाणी भरताना म्हणायची, "हिचा भाऊ दुसऱ्यांच्या सुनांना साड्या नेसवतूय, आन् हितं भाच्याच्या डोक्यात उवा."

भाच्याचे केस वाढत राहिले. अक्का त्याच्या दोन वेण्या घालायची. सासूनं तोडगा सुचवला होता, की तिच्या भावाच्या पोराच्या मांडीवर बसवून केस काढून टाकू. "मामा न्हाय, पर मांडी तर हाय." अक्का म्हणाली, "मांडी भाड्यानं घ्यायची न्हाय मला."

तिसरं वर्ष लागलं. आषाढातल्या एका रिकाम्या दुपारी ती त्याला कडेवर घेऊन थेट दुकानात आली. मला न विचारता गल्ल्यापाशी शेठसमोर उभी राहिली. शेठनी पोराच्या वेण्या बघितल्या, गाल धरले.

"मुलगी गोड आहे हो. अरे, हिला एक रिबीन द्या कुणीतरी."

"रिबीन नगं शेठ," अक्का म्हणाली, "कात्री पायजे. ह्यो माझा ल्योक हाय. आन् त्यो जिन्यात लपलाय त्यो ह्याचा मामा."

मी जिन्यातून खाली आलो. शेठनी तिला बसायला दिलं, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची जेवणंसुद्धा गल्ल्यावर थंड व्हायची. अक्कानं माघातला दिवस सांगितला. शेठनी खणातून पंचांग काढलं, पान उलटलं आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, त्या दिवसांत बस्त्यांची रांग असते. दुसरा नाही का दिवस?"

"चांगला दिस हाय म्हणून तर धरलाय. तुमाला काय अवसंला जावळ काढू?"

"पण हा नसला की माडी बसते हो माझी."

"आन् ह्यो आला न्हाय की माझं घर बसतंय. माझी सासू म्हणती, हिला माहेरच न्हाय. तुमी सांगा शेठ, हाय का न्हाय मला माहेर?"

शेठनी भिंतीकडं बोट केलं. "ह्या घड्याळाची शपथ. त्या दिवशी हा तुमचा."

"त्याच्याकडं तुमी कवा बघता?" अक्का म्हणाली. चहा पिऊन ती गेली. स्टँडवर गाडी लागल्यावर नेहमीचं "आता कवा?" होतंच. मी या खेपेला "बघू" म्हणालो नाही. दिवस सांगितला. तिनं तो पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतला.

जावळाच्या आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, की माडी चढायचीच नाही. शेठनीही मला खाली टॉवेलवर बसवलं. वर माळेगावच्या मंडळींचा बस्ता दुसरा सेल्समन दाखवत होता. दुपारभर वरून गलका येत होता. दिवेलागणीच्या सुमाराला गलका अचानक थांबला. मला बरोबर कळलं. बस्त्यात बायका गप्प झाल्या म्हणजे कुणीतरी रुसलं.

मी फक्त डोकावून बघायला वर गेलो. शालू झाला होता, बहुतेक साड्या झाल्या होत्या. नवऱ्या मुलाची आत्या मात्र भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिचा भाऊ, नवऱ्याचा बाप, कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. भावानं तिच्या साडीचा रंग तिला न विचारता ठरवला होता. बायका तिची समजूत काढत होत्या आणि ती आणखी भिंतीकडं सरकत होती.

मला अजून सांगता येत नाही ते कसं झालं. समोर एक मोरपिशी साडी पडली होती. पुढच्या क्षणी ती उलगडून माझ्या खांद्यावर होती. मी भिंतीच्या बाजूनं गेलो, तिच्या पुढं बसलो, पदर तोंडाला लावला आणि तिच्यासारखाच रुसलो. ती माझ्याकडं बघत राहिली आणि खदाखदा हसली. माडी हसली. मी आणखी दोनदा ती साडी नेसून चाललो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी घडी मोडली.

"मानूस चांगला हाय," आत्या म्हणाली. "पर आता दिवा लागला. ट्यूबखाली रंग समजत न्हाय. उद्या उजेडात बघू. पर दाखवाया ह्योच पायजे मला." एवढं बोलून ती उठली. मंडळी उठली. टेम्पो माळेगावला गेला. शेठ माझ्याकडं बघत होते आणि मी घड्याळाकडं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना मी खोलीवरून दुकानाकडं निघालो. भाच्याचे कपडे काउंटरखाली राहिले होते, तेवढे घ्यायचे आणि पहिली गाडी पकडायची. दुकानासमोर टेम्पो उभा होता. पायरीवर आत्या बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"आलास व्हय," ती म्हणाली. "उजेड पडला बघ."

शेजारी तिचा भाऊ उभा होता. बाकी चार-पाच बायका टेम्पोत. तेवढ्यात शेठ ओल्या केसांनी किल्ल्या घेऊन आले. त्यांनी मला बघितलं, तिला बघितलं आणि किल्ल्या हातातच ठेवल्या. बोलायचं मलाच होतं. मी सगळं सांगितलं. अकराव्या महिन्यातलं, वेण्यांचं, कंडक्टरचं, अक्काच्या सासूचं. माझ्या नेहमीच्या पद्धतीनं नकला करत सुरुवात केली, पण अक्काचं "हाय का न्हाय मला माहेर" सांगताना नक्कल जमली नाही.

आत्या भावाकडं वळली.

"आयकलंस? भैन वाट बघती म्हंजी काय आसतंय, मला ईचार. तुला काय म्हाईत."

"आगं, पर मी काय केलं आता?" भाऊ म्हणाला.

"तू काय केलं ते तुला म्हाईत. गाडी वळव."

"कुठं?"

"निरवांगीला. ह्याची घडी मोडल्याली हाय, ह्याला सोडायचा न्हाय. आन् ह्याला धरूनबी ठेवायचा न्हाय. साड्या घे म्हनावं गाडीत."

शेठ म्हणाले, "अहो, दुकान आहे की जत्रा?" पण त्यांचा शब्द त्यांना आठवत होता. माळेगावची मंडळी जुन्या ओळखीची होती आणि राहिल्या होत्या आत्याची एक आणि इतर दोघींच्या साड्या, एवढंच. त्यांनी शटर अर्धं वर केलं आणि वरून एक गठ्ठा आणून टेम्पोत टाकला. मी भाच्याचे कपडे घेऊन चढणार तेवढ्यात शेठनी पुन्हा आत जाऊन गादीवरची पांढरी चादर ओढून आणली.

"ही ने. तिकडं मातीत साड्या टाकशील."

अशी आमची वरात निघाली. गळीत हंगाम चालू होता. समोरून उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा येत होत्या आणि आमच्या पुढं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत होता, तो काही बाजू देईना. दुपारच्या आत जावळ काढायचं होतं. मी टेम्पोच्या फळीवर बसून चुळबुळ करत होतो. सकाळची एसटी माझ्याविना निरवांगीला पोचली असणार. थांब्यावर काय बोलणं झालं असेल ते मला ऐकू येत होतं.

आत्या टेम्पोत उभी राहिली, टपाला धरून. "ए, बाजूला घे. जावळ हाय."

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून विचारलं, "कुनाचं?"

"आमचं," आत्या म्हणाली.

तो बाजूला झाला.

निरवांगीला देवळासमोर लिंबाखाली माणसं जमली होती. पाट मांडला होता. पाटावर सासूच्या भावाचा पोरगा मांडी घालून बसला होता, अवघडलेला, आपली मांडी कुणाच्या उपयोगी पडतेय हे पटत नसल्यासारखा. नाना कात्री पुसत होते. अक्का पोराला छातीशी धरून उभी होती आणि दाजी तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होते. ती मान हलवत होती, नाही म्हणून. तिनं आमच्याकडं पाठ केली होती. टेम्पोचा आवाज ऐकूनही वळली नाही. एसटीचा आवाज तिच्या ओळखीचा होता आणि हा तो नव्हता.

सासूनं मला आधी बघितलं. "आला का बस्त्यातनं सुटून?"

"सुटलो नाही मावशी," मी म्हणालो. "बस्ता घेऊनच आलोय."

अक्का वळली. माझ्या मागं चार-पाच अनोळखी बायका एकामागून एक उतरत होत्या, आत्या सगळ्यात पुढं, तिचा भाऊ डोक्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन. पाटावरचा पोरगा आपणहून उठला, त्याच्या तोंडावर इतकी सुटका होती की मला त्याची दया आली. मी बसलो. तिनं भाच्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिचा हात माझ्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला.

कात्री लागताच पोर किंचाळलं. मी एका हातानं गठ्ठ्यातली एक साडी ओढली, पदर डोक्यावरून घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. मिशी आणि पदर एकत्र त्यानं कधी पाहिले नव्हते. तो बघत राहिला, तोंड उघडं, आणि नानांनी तेवढ्यात एक वेणी काढली. दुसरी काढताना तो माझी मिशी ओढत होता.

जावळ झालं. न्हाऊ घातलेलं, गोटा झालेलं पोर नवे कपडे घालून आलं तेव्हा गाव म्हणालं, अगदी मामावर गेलंय. कालपर्यंत तसं कुणी म्हणालं नव्हतं.

जेवणं आटोपली आणि लिंबाखाली पांढरी चादर अंथरली गेली. माझी गादी कधी इतक्या उघड्यावर पडली नव्हती. गावातल्या बायका कडेनं बसल्या. उजेड भरपूर होता. मी साड्या टाकत गेलो. इतर दोघींच्या झाल्या. आत्याला मात्र एक पसंत पडेना. हिचा काठ, तिचा पोत. भाऊ दूर पारावर जाऊन बसला होता. शेवटी तिनं अक्काला हाक मारली.

"पोरी, तू दे बघू काढून. तुझ्या हातानं."

अक्कानं गठ्ठ्यात हात घातला आणि मोरपिशी साडी काढली. तीच. मी काल तीन वेळा नेसून दाखवलेली.

आत्यानं ती उन्हात धरली, उलटी केली, पदर चुरगाळून बघितला. "ह्योच रंग मनात व्हता माझ्या," ती म्हणाली. पारावरचा भाऊ काही बोलायला लागला, तर तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो बसला.

मी गाठ मारली. बस्त्याच्या गठ्ठ्याला शेवटी सवाष्णीनं हळदकुंकू लावायचं असतं. ते अक्काच्या सासूनं अक्काला लावायला सांगितलं. "लाव गं. तुझ्या भावाचा बस्ता हाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, ते मी बराच वेळ शोधत होतो. सापडला नाही.

त्या दिवसानंतर माझी नोकरी काही बदलली नाही. शेठनी दुकान बंद व्हायची वेळ ठरवली नाही, आणि माझा डबा बशीखालीच राहिला. मी वर्षानुवर्षं वेळ मागत होतो, आणि मिळाली ती दुसऱ्या माणसांनी आपली वेळ मोडून दिलेली. त्यातली बरीच माणसं पुन्हा कधी भेटलीही नाहीत. आता मी दुकानात नाही. माझा दिवस माझाच असतो, पुष्कळदा फारच माझा. कुणाला भेटायला जायचं ठरवलं की मी वेळेच्या आधी पोचतो आणि दाराशी उभा राहतो.

त्या दुपारी ऊन कलायला लागलं तेव्हा टेम्पो निघाला. अक्का नेहमीसारखी गावाच्या कडेपर्यंत आली. तिच्या कडेवर गोटा झालेलं पोर, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर तिचा पदर. मी फळीवर चढलो आणि तिच्याकडं बघत राहिलो. तिच्या नेहमीच्या प्रश्नाला या खेपेला काय सांगायचं ते मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

तिनं विचारलंच नाही. फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या तिनं आत्याच्या हातात दिल्या आणि मला म्हणाली, "जा आता. तुझी मान्सं थांबल्यात."